सकाळचा एक बाण

एकनाथ बिडवई रोज सकाळी बारा मिनिटं गाडी चालवत तिरंदाजीच्या रेंजवर जायचा, एक बाण मारायचा आणि बारा मिनिटं गाडी चालवत घरी यायचा. एकच बाण. भात्यात सहा असायचे, पण बाकीचे पाच नुसते सोबतीला.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींची यावर बरीच करमणूक व्हायची. "एका बाणासाठी चोवीस मिनिटं," त्याची बायको शोभना येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर हेही द्यायची, "लोक जिमला जातात, त्यांना निदान घाम तरी येतो. ह्याला तोही येत नाही." मुलगी सावनी अकरावीत. तिनं एकदा पहाटे साडेपाचला बापाला स्वयंपाकघरात पाहिलं, अंगात पानाफांद्यांच्या छापाचं जाडजूड जाकीट, डोक्यावर कानटोपी, हातात मोजे, आणि त्या अवतारात उभ्याउभ्या केळं खाणं चाललेलं. "बाबा, इट्स गिव्हिंग सीरियल किलर," एवढं म्हणून ती पाण्याची बाटली घेऊन परत झोपायला गेली.

मंडळींतला रवींद्र मूळचा पुण्याचा. विनोद केला की तो स्वतः हसत नसे, समोरचा हसतो का ते बघत असे.

"काय अर्जुना, आज पोपटाचा डोळा दिसला, की नुसतंच झाड?"

"झाड," एकनाथ म्हणायचा.

"प्रगती आहे. गेल्या महिन्यात जंगल दिसत होतं."

अकोल्याहून आई व्हिडिओ कॉलवर यायची. फोन इतका जवळ धरायची की पडद्यावर फक्त कपाळ आणि कुंकू. "हरणाच्या मागं लागून कोणाचं भलं झालं रे बाप्पा? दशरथाचं झालं, का रामाचं झालं?" यावर एकनाथ म्हणायचा, "आई, फोन जरा लांब धर."

हे सगळे आपापल्या परीनं बरोबरच होते. त्यांना एक गोष्ट तेवढी माहीत नव्हती, आणि ती एकनाथनं कुणाला सांगितली नव्हती.

हरणाच्या पुढच्या पायामागं, बरगड्यांच्या आत, कागदी ताटलीएवढी एक जागा असते. बाण तिथं लागला तर हरीण साठ-सत्तर पावलं धावतं आणि पडतं. त्याच्या मागं वीतभर लागला तर तो पोटात जातो, आणि मग हरीण पडत नाही. ते जगत बसतं. सहा तास, आठ तास, कधी त्याहून जास्त. अशा वेळी त्याच्या मागं जायचं नसतं. त्याला माणसाची चाहूल लागली नाही तर ते जवळच कुठंतरी आडोसा बघून बसतं आणि बसल्या जागी मरतं. चाहूल लागली तर उठतं, आणि पोटात भोक घेऊन मैल मैल चालतं. तिथं दया म्हणजे थांबणं. एकनाथला हे पाठ होतं. ते त्याला डेलनं शिकवलं होतं.

डेल हा त्याच्या शॉमबर्गच्या ऑफिसातला, शेजारच्या टेबलावरचा. तो बोलायचा म्हणजे वाक्याच्या मधेमधे कॉफी प्यायचा. "मेव्हण्याचं," घोट, "चाळीस एकर आहे," घोट, "डिक्सन गावाच्या पुढं. शिकारीला येतोस का?" एवढं वाक्य संपेपर्यंत लिफ्ट दोनदा येऊन गेली होती. एकनाथला जन्मात कुणी कुठल्या रानात बोलावलं नव्हतं. तो गेला. धनुष्य घेतलं, वर्ग केला, परवाना काढला, तीन उन्हाळे रेंजवर घालवले. तिथं तो दिवसाला साठ-सत्तर बाण मारायचा, आणि दहाव्या-पंधराव्या बाणानंतर त्याचा हात असा बसायचा की शेजारचे बघायला थांबायचे. पहिले दहा कुठं जायचे ते त्यानं कधी मनावर घेतलं नाही. हात गरम व्हायला तेवढे लागतातच, असं तो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजन रविवारी आलं होतं. नोव्हेंबरचा मध्य, म्हणजे नर माद्यांच्या मागं वेडे झालेले असतात आणि जंगलात सगळ्यात जास्त हालचाल असते. शोभनानं आदल्या रात्रीच बजावलं होतं. "मुहूर्त पाचचा आहे, माणसं चारला येणार. बाराला तू घरात अंघोळ करून हवायस." सकाळी साडेसातला, झाडावरच्या मचाणावरून, एकनाथनं एका मादीवर आयुष्यातला पहिला खरा बाण सोडला. तो वीतभर मागं लागला. मादी पाठीला कुबड काढून, जशी काही पोटात कळ आलेली बाई चालते तशी, हळूहळू झाडीत गेली.

डेल दुसऱ्या मचाणावरून आला, बाण बघितला, बाणाचा वास घेतला. "पोट," तो म्हणाला. त्या दिवशी हातात कॉफी नव्हती, तरी मधे थांबलाच. "दुपारी तीन. आधी नाही."

एकनाथनं हिशेब केला. पाचचा मुहूर्त, चारची माणसं, बाराची अंघोळ, दीड तासाचा रस्ता. असा मुहूर्तापासून मागं मोजत मोजत तो साडेनऊवर आला. "आमची मोठी पूजा आहे," त्यानं डेलला सांगितलं. "रिलिजस." अमेरिकन माणूस दुसऱ्याच्या देवाशी वाद घालत नाही.

साडेनऊला ते गेले. मादी ऐंशी पावलांवर बसली होती. त्यांना बघून उठली, ओढ्यापलीकडं गेली, आणि रक्ताचे थेंब पाण्याशी संपले. साडेदहाला एकनाथ गाडीत बसून घरी निघाला. अंघोळ केली, सोवळं नेसला, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवला, केरसुणीला हळदकुंकू वाहिलं. "काय, काही गावलं का?" रवींद्रनं विचारलं. "नाही, काही मिळालं नाही," एकनाथ म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

मंगळवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी डेलनं सांगितलं. "सापडली. मेव्हण्याला, आज सकाळी, दीड मैलावर." घोट. "कायोटींना आधी सापडली." कायोटी म्हणजे तिथले लांडग्यासारखे कोल्हे. जाताना तो एवढंच म्हणाला, "जंगलात हात गरम करायला कुणी देत नाही. रोज एक मार. थंड हातानं. पूर्ण कपड्यांत."

तेव्हापासून एक बाण. रेंजच्या लाकडी मनोऱ्यावर चढून, वीस यार्डांवरच्या कागदी ताटलीवर. बर्फात, पावसात, तापातून उठल्यावर. ताटलीत लागला तरी एक, बाहेर गेला तरी एक. बाहेर गेला की तो दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये विचारलेल्या प्रश्नाला नुसतं "येस" म्हणायचा आणि शोभना विचारायची, "आज काय, चुकला वाटतं नेम?" गेल्या वर्षी डेलनं बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "नेक्स्ट इयर." या वर्षी सप्टेंबरपासून ताटली एकदाही चुकली नव्हती. डेलनं पुन्हा विचारलं. एकनाथ म्हणाला, येतो. त्याला हरीण नको होतं खरं तर. आपल्या हातून एक तरी नीट मरावं, तडफडू नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि हे वाक्य मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, कुणाला मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, पण हॉल आत्ता मिळाला म्हणून मराठी मंडळाची दिवाळी आत्ता होती. संध्याकाळी शोभनाची एकांकिका होती आणि स्टेजचे दिवे एकनाथकडं होते. "तीनला हॉलवर," शोभनानं सांगितलं होतं. "दिवाळीच्या सकाळीही बाण मारायला गेलास, मी काही बोलले का? आता फक्त तीनला ये."

सात वाजून दहा मिनिटांनी मादी आली, एकटीच. अठरा यार्डांवर आडवी उभी राहिली, जशी ताटली उभी असते तशी. एकनाथनं धनुष्य ओढलं. हात थंड होता आणि थंड हाताची त्याला दोन वर्षांची सवय होती. नेम बसला. त्यानं बाण सोडला.

दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो. मादी दचकली, खाली वाकली आणि एक पाऊल पुढं गेली. फक्त एक पाऊल. बाण वीतभर मागं लागला.

ती कुबड काढून चालत झाडीत गेली. ती चाल एकनाथनं लगेच ओळखली.

अर्ध्या तासानं तो खाली उतरला. बाण पलीकडं मातीत रुतला होता. त्यानं तो उपटला, नाकाशी नेला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. डेल आला, त्यानं फक्त एकनाथच्या तोंडाकडं बघितलं. वास घ्यायची गरज पडली नाही.

"तिचं पाऊल पडलं," एकनाथ म्हणाला. "नेम बरोबर होता."

"असेल," डेल म्हणाला. "तीन वाजता."

दोघं आल्या पावली, आवाज न करता, रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत गेले. तिथं फोनला रेंज होती. एकनाथनं शोभनाला लावला.

"निघालास? इतक्या लवकर?"

"नाही. अगं ऐक. बाण लागला, पण पोटात लागला."

"म्हणजे?"

"म्हणजे ती मेली नाही अजून."

"अरे मग जा आणि मार ना तिला."

"तसं जाता येत नाही. गेलं तर उठून पळते. तीनपर्यंत थांबायचं, मग जायचं."

"तीनला तू हॉलवर आहेस," शोभना म्हणाली. सवयीनं म्हणाली.

"त्या लक्ष्मीपूजनाला मी थांबलो नव्हतो," एकनाथ म्हणाला.

"कुठल्या?"

मग त्यानं सांगितलं. सगळं सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन वर्षं ते त्याला केवढंतरी लांबलचक वाटत होतं. शोभनानं पलीकडं भांडी धुण्याचं मशीन बंद केलं.

"मंगळवारी सापडली?"

"हो."

"म्हणजे रविवारी तू माझ्याशेजारी पाटावर बसलास तेव्हा ती चालत होती."

"हो. बहुतेक."

"आणि बाराला ये म्हणून मी सांगितलं होतं."

"तुझं काही नाही त्यात."

"ते मी ठरवीन," शोभना म्हणाली. मग म्हणाली, "आत्ता ती एकटी आहे का तिथं?"

"हो."

"दिवे मंडळातला श्रीरंग करेल. त्याला लावता आणि विझवता येतं, बास झालं. तू बस तिथं." फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "दुखत असेल ना रे तिला?" आणि उत्तर यायच्या आत ठेवून दिला.

साडेआठ वाजले होते. तीन वाजेपर्यंत काही करायचं नव्हतं, आणि ते करणं फार अवघड गेलं. डेलनं अर्धं सँडविच पुढं केलं, एकनाथनं मान हलवली. डेलनं ते अर्धंही खाल्लं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपला. माणूस निर्दय नव्हता. तीस वर्षांत त्याला हे तास कसे काढायचे ते कळलं होतं, एवढंच. एकनाथ समोरच्या काचेतून झाडीच्या कडेकडं बघत राहिला. अकरा वाजले. आत्ता ती काय करत असेल, हा विचार तो काढून टाकायचा, आणि घड्याळात बघितलं की तो पुन्हा यायचा. साडेबारा. एक. दोनदा तो दार उघडून खाली उतरला आणि दोनदा परत आत बसला. दुसऱ्या वेळी डेल टोपीखालूनच म्हणाला, "नको."

तीनला ते निघाले. डेल पुढं, वाकून पानं बघत. कुठं नखाएवढा थेंब, कुठं नुसता ओला डाग. दीडशे पावलांवर डेल थांबला आणि हात वर केला. ओढ्याच्या काठी, पडलेल्या ओकच्या बुंध्याआड, ती बसली होती. मान वर होती. कान हलले.

आठ तास पुरले नव्हते.

ती उठायचा प्रयत्न करत नव्हती. बघत होती. डेल बाजूला सरला आणि कुजबुजला, "तुझी आहे."

एकनाथनं भात्यातला दुसरा बाण काढला. दोन वर्षांत तो त्यानं एकदाही मारला नव्हता. रोज एक, थंड हातानं, आणि मग घरी. दुसऱ्याची वेळच येऊ द्यायची नाही म्हणून तर तो सगळा खटाटोप होता. बाणाची मागची खाच दोरीवर बसेना. हा हात त्याच्या ओळखीचा नव्हता. बारा यार्ड. इतक्या अंतरावरून सावनीनंसुद्धा मारला असता. नेम बरगड्यांवरून मानेवर जायचा, मानेवरून बुंध्यावर, परत बरगड्यांवर. त्यानं धनुष्य खाली घेतलं, श्वास सोडला, पुन्हा ओढलं. ती अजून बघत होती. या वेळी दोरीच्या आवाजानं दचकायचं त्राण तिच्यात नव्हतं.

बाण आत गेला. मान लगेच पडली नाही. ती हळूहळू खाली येत गेली, पेंगुळलेल्या माणसाची येते तशी, आणि मग पानांवर टेकली.

"काडी," डेल म्हणाला.

मेलंय का हे बघायला डोळ्याला काडी लावायची असते. एकनाथनं गुडघ्यांवर बसून एक वाळकी काडी तिच्या उघड्या डोळ्याला लावली. पापणी मिटली नाही. त्यानं पुन्हा लावली. मग काडी टाकून तळवा तिच्या मानेवर ठेवला. मान गरम होती, आणि आत काहीही नव्हतं.

खिशात फोन वाजला. शोभनाचा मेसेज होता, हॉलवरून, रंगपटातून केलेला असणार. "गेली का ती?"

एकनाथनं मोजा दातांनी ओढून काढला, बोटं पँटला पुसली आणि लिहिलं, "आत्ता." पाठवल्यावर त्याच्या लक्षात आलं की शोभना सकाळचे सात दहा आणि आत्ताचे सव्वातीन यांची वजाबाकी करणार, आणि मग त्या रविवारपासून मंगळवारपर्यंतचीही करणार. त्यानं फोन परत खिशात घातला. डेलनं सुरी काढून त्याच्यापुढं धरली, मुठीच्या बाजूनं. उजेडाचा तासभर उरला होता, आणि पोट साफ करून तिला ट्रकपर्यंत न्यायचं काम बरंच होतं.