पाच धुण्यांनंतर

भेस्तानच्या आमच्या गल्लीतले एक शेजारी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवतात. कोणी कौतुकाने नवं कापड दाखवलं की म्हणणार, "छान आहे. पाच धुण्यांनंतर दाखवा." माझी दिवाळीची साडी पाहूनही त्यांनी हेच ऐकवलं. मला राग आला, पण साडी विटायची ती विटलीच.

यंदा त्यांच्या मुलीला केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी ऐकून त्यांचा मेहुणा म्हणाला, "एवढ्यात गावी प्लॉट येईल. आणि नव्या इंजिनिअरला पगार तुमच्याइतकाच!" ते खरंही होतं. सुट्टीच्या दिवशी मात्र शेजारी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत गेले आणि केमिकल कारखान्यांच्या गेटबाहेर उभे राहिले. शिफ्ट सुटली की इंजिनिअर पोरापोरींना चहा पाजायचे आणि बिनदिक्कत विचारायचे, "पहिला पगार नको सांगू, बेटा. पाच वर्षांनंतरचा सांग."

काल ते घारी मिठाईचा पुडा घेऊन दारात आले.

"फी भरली, ताई. जन्मभर उतरणारे रंगच पाहिले. हा सुरुवातीला फिका आहे, पण चढत जातो."