घोडी न लावता

मी भित्री बाई नाही. घरात पाल निघाली तर मीच तिला झाडूने बाहेर काढते, आणि आमचे हे तोवर खुर्चीवर पाय घेऊन बसतात. पण गेल्या महिन्यातल्या एका दुपारपासून गाडीखालून ह्यांचे पाय बाहेर आलेले दिसले की हातातलं काम टाकून मी आधी हाक मारते. झोपलेल्या माणसाचे पाय आणि गेलेल्या माणसाचे पाय लांबून सारखेच दिसतात, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

आमचं गॅरेज म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या, मधली भिंत पाडून एक केलेल्या. तेलाने काळी पडलेली फरशी, पत्र्याचं शटर, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराचं पांढरं चित्र. चित्रं मी रंगवली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दिसावं. आमचे हे मात्र सगळे पाने एकाच खिळ्याला अडकवतात. कामाला आम्ही दोघंच. हे हात चालवतात आणि मी तोंड, असं ह्यांचं म्हणणं.

आमच्याकडे येतात त्या जुन्या, धिप्पाड फोर व्हील ड्राइव्ह गाड्या. त्यांच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी रबराचे फुगे असतात. फुग्यांत हवा भरली की गाडी वीतभर उंच होते आणि दगडधोंड्यांतून आरामात जाते. नवेपणी फार ऐट असते. पंधरा-वीस वर्षं झाली की रबराला चिरा पडतात, हवेचे पाइप घासून झिजतात, आणि सकाळी मालक दार उघडून बघतो तर गाडी एका कुशीवर बसलेली. मोठ्या वर्कशॉपमध्ये यंत्र लावून गळती शोधतात. हे कानाने शोधायचे. ट्रकच्या हवेच्या ब्रेकवर बारा वर्षं काढलेला माणूस. चालू इंजिनाच्या गोंगाटातही सुईच्या टोकाएवढ्या भोकातली हवा ह्यांना ऐकू यायची. लोकांनी नावच पाडलं होतं, कानसेन. हे वरवर नको नको म्हणायचे, पण कोणी त्या नावाने हाक मारली की मान जरा ताठ व्हायची.

गाडीखाली जायच्या आधी लोखंडी घोडी लावायची, म्हणजे गाडी खाली आली तरी घोडीवर टेकते, माणसावर नाही. हे शेंबडं पोरही सांगेल. पण गाडी घोडीवर टेकवली की फुग्यावर वजन राहत नाही, आणि वजनाशिवाय बारीक गळती तोंड उघडत नाही. म्हणून हे गाडी पुरती उंच करून, चाक वळवून, टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत घोडी न लावताच डोकं घालायचे. फुगा दगा देण्याआधी आवाज बदलतो, तो ऐकला की बाहेर यायचं, एवढंच काय ते, असं सांगायचे. पंधरा वर्षांत तीनदा असे वेळेवर बाहेर आले, आणि तिन्ही वेळा मागून गाडी धप्पकन बसली. मी ते जावांना कौतुकाने सांगायचे. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दोन वर्षांपासून काही गोष्टी बदलल्या होत्या. फोन वाजत राहायचा आणि हे तिथेच बसून असायचे; म्हणायचे, तूच उचलत जा, माझे हात तेलाचे. दाराची बेल वाजली तरी ढिम्म. मी म्हटलं, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की नवऱ्यांना ऐकू येईनासं होतंच, त्यात नवल काय. कारण माणसाचं बोलणं ह्यांना चांगलं ऐकू यायचं. माझ्या माहेरचा विषय निघाला तर दोन खोल्या ओलांडून येऊन मत द्यायचे. कामाचा झपाटाही वाढला होता. जिथे अर्धा तास फटीत डोकं घालून बसायचे, तिथे आता पाच मिनिटांत बाहेर. मी म्हणायचे, वय वाढतंय तसा हात चालतोय.

त्या दुपारी गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांची गाडी आमच्याकडची सगळ्यात म्हातारी. डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन जाऊन तिचे सांधे खिळखिळे झालेले. पुढचं डावं चाक रोज बसत होतं. ह्यांनी गाडी उंच केली, इंजिन बंद केलं, फरशीवर पुठ्ठा टाकून उताणे झाले आणि डोकं नि एक खांदा फटीत सरकवला. बाई बाकावर बसून कुणाच्या तरी अडलेल्या म्हशीची गोष्ट सांगत होत्या. मी चहाचे कप विसळत होते.

आधी मला वाटलं, साप आहे. बारीक, सलग फुत्कार. मी पायाखाली बघितलं. बाईही बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, हा कसला आवाज? तेवढ्यात आवाज पातळ झाला आणि चढला. मी गाडीकडे बघितलं. मडगार्डची कड ह्यांच्या गळ्यापासून चांगली चार बोटं वर होती, ती आता तीनच बोटं होती. आणि हे आत पडल्या पडल्या गुणगुणत होते.

आवाज ऐकलेला माणूस गुणगुणत नाही.

"अहो," मी म्हटलं, "बाहेर या."

"आलो. दोन मिनिटं."

"अहो, हवेचा आवाज येतोय."

"ऐकतोय ना मी," हे म्हणाले. अगदी शांतपणे.

ते खोटं होतं. माझं बोलणं ऐकू येत होतं आणि तो आवाज येत नव्हता. दोन वर्षांचे फोन आणि बेला मला त्या एका क्षणात कळल्या. पाय जागेवर खिळले, आणि कड दोन बोटांवर आली तेव्हा कुठे ते हलले. मी ह्यांचे दोन्ही घोटे धरले आणि जीव खाऊन ओढलं. पुठ्ठा सरकला म्हणून हे सरकले. कपाळ कडेला घासून सोललं, चष्मा आतच राहिला. त्याच्यावर गाडी बसली. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये नंतर माझा तळहातही जात नव्हता.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, असं म्हणतात. मला तर दोन्ही येऊन दारात उभी असलेली दिसली होती.

हे उठून बसले. आधी म्हणाले, मी येणारच होतो. मग बसलेल्या गाडीकडे बघितलं, तशी नजर खाली गेली. बाईंनी ह्यांच्या कपाळाचं रक्त पुसलं. मग उजव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि विचारलं, काही येतं का ऐकू? मला सहा हातांवरून ती खसखस येत होती. ह्यांनी बाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. दुसऱ्या कानाशीही तेच. बाई म्हणाल्या, मी गुरांची डॉक्टर आहे, पण एवढं मलाही कळतं. उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरकडे जा. मग गाडी तिथेच ठेवून त्या चालत गेल्या.

शटर अर्धं ओढून मी ह्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. मला रडू येत होतं आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तिसऱ्या वेळी गाडी बसली ना, तेव्हा मी ऐकून बाहेर आलो नव्हतो. शिंक येणार होती म्हणून आलो होतो." ह्यांनी हाताची बोटं मोजल्यासारखी दाबली. "तेव्हापासून रोज घाबरूनच आत जातो. म्हणून भराभर उरकतो. तू म्हणायचीस, हात चालतोय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? कानसेनला ऐकू येत नाही म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकायला हात तरी उरायला हवा ना," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही. मी घाबरले ती पाव मिनिट. हा माणूस दोन वर्षं घाबरत होता, रोज, आणि मी बाजूला कप विसळत होते.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेले ते गेले. यंत्र लावून थोडे येतील, पहिल्यासारखे नाही. परत आल्यावर मी दोन घोड्या ओढत आणल्या आणि म्हटलं, गाडीच्या खाली बोटभर जागा सोडून लावा. वजन फुग्यावरच राहील, आणि बसली तर घोडीवर बसेल. हे म्हणाले, लोक बघतील. मी म्हटलं, बघू देत. आवाज मी ऐकेन, जागा मी सांगेन, हात तुम्ही चालवा.

बाईंच्या गाडीचा फुटका पाइप बदलायला ती पुन्हा उंच केली. घोड्या लावल्या, हलवून बघितल्या. पुठ्ठा टाकला. हे वाकले, आणि तसेच राहिले. दोन वर्षं कोणाला कळू न देता हे आत जात होते, आता सगळं कळल्यावर पाय उचलेना. मला म्हणाले, आज राहू दे का? मी म्हटलं, राहू दे. त्यावर हे जरा वेळ उभे राहिले आणि मग पुठ्ठ्यावर आडवे झाले.

मी ह्यांच्या पायाशी बसले आणि उजवा घोटा हातात धरला. शेजारचे दुकानदार बघत होते. ते हसले असतील, मला माहीत नाही. मी आवाजाकडे कान लावून होते. घोटा थरथरत होता. पाइप बसून होईपर्यंत तो थांबला नाही, आणि मीही हात काढला नाही.