शनिवारची दोन पानं

आमचे मोठे सर अंगठ्याला थुंकी लावून पान उलटायचे. दर शनिवारी प्रार्थना संपली की डिलाईल रोडवरच्या आमच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये पोरं मांडी घालून बसायची, सर खुर्चीत बसायचे, आणि पुस्तक उघडलं की आधी तो अंगठा जिभेवरून फिरायचा. मला शिसारी यायची. पुस्तकाच्या पहिल्या दोन पानांचे कोपरे त्या थुंकीने काळे पडले होते. तिसऱ्या पानापासून पुढे सगळं कोरं करकरीत.

कारण सर दोनच पानं वाचायचे.

वरून परिपत्रक आलं होतं. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा स्वतः वाचून दाखवावं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. आमच्या सरांना त्यातला फोटो तेवढा कळला. देखल्या देवा दंडवत! फोटो काढायचं काम माझ्याकडे, कारण मी मराठीची बाई आणि माझ्या फोनचा कॅमेरा बरा. मी फोटो काढला की सर पुस्तक मिटायचे. "बाकीचं पुढच्या वेळी हं, बालमित्रांनो." पुढच्या वेळी परत पहिल्या पानापासून, कारण पहिल्या पानावरचं गिरणीचं मोठं रंगीत चित्र फोटोत छान यायचं. वरचे साहेब लोक त्या फोटोखाली "स्तुत्य उपक्रम" असं लिहायचे. तेच पुस्तक, तेच पान, तेच सर, आणि एकाही माईच्या लालाला संशय येऊ नये?

एरवी हे पुस्तक आणि बाकीची सगळी ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, प्लास्टिकची कव्हरं घालून, कुलपात. मी एकदा म्हटलं, "सर, कपाट उघडं ठेवूया ना. पोरं घरी नेतील, वाचतील." तर म्हणाले, "बाई, या पोरांच्या हाताला वडापावचं तेल असतं. तपासणीला काय चिंध्या दाखवू?" म्हणजे यांची थुंकी चालते, पोरांचं तेल चालत नाही. हे मी मनातल्या मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बरं सर." बावीस वर्षं नोकरी झाली की मूग गिळायची सवय लागते.

गोष्ट एका कुत्र्याची होती. गिरणी बंद होते, कामगार बिऱ्हाडं उचलून गावी जातात, आणि त्यांच्या डब्यातल्या भाकरीवर वाढलेला कुत्रा गेटच्या आत अडकतो. बाहेरून कुलूप. इथे दुसरं पान संपायचं. सहा महिने तो कुत्रा त्या गेटशी उभा होता.

पाचवीतली एक मुलगी दर शनिवारी हात वर करायची. "सर, पुढे काय झालं?" तिचा गणवेश आखूड झालेला, खांद्याला ठिगळ. फोटोत ते दिसू नये म्हणून तिला मागच्या रांगेत बसवायचं काम कोणाचं? माझंच. "तू मागे सरक गं. तू ये पुढे, तुझी इस्त्री चांगली आहे." हे शब्द माझ्या तोंडचे आहेत. सरांना नावं ठेवते आहे म्हणून तेही सांगून टाकते.

एका शनिवारी वाचन आटोपल्यावर ती माझ्याजवळ आली. बरोबर तिच्या बाकावरची मैत्रीण होती. "बाई, आम्ही उद्या नालासोपाऱ्याला चाललो. चाळ खाली करतायत ना. सोमवारपासून मी नाही." मी फोनवर फोटो कापत होते, कडेला कोणाचा तरी फाटका मोजा आला होता. मी "हो का" म्हटलं.

"आमचा कुत्रा नेता येत नाही तिकडे. पप्पा नको बोलले. चाळीचे वॉचमनकाका बोलतात, मी ठेवतो. पण तो राहील काय बाई? पुस्तकातल्याचं पुढे काय झालं?"

मी ते पुस्तक पुढे वाचलंच नव्हतं. मराठीची बाई मी, त्या पुस्तकाचे पंचवीसेक तरी फोटो काढलेले, आणि तिसरं पान उघडून पाहिलं नव्हतं. दहाच्या आत फोटो ग्रुपवर जायला हवा होता. मान वर न करता मी म्हटलं, "सुटला गं तो. धावत गेला आपल्या माणसांच्या मागे. बरोब्बर शोधून काढलं त्याने घर."

"खरंच?"

"मग! कुत्र्यांना वास लागतो."

ती इतकी हसली की मागचा किडका दात दिसला. मैत्रिणीचा हात धरून उड्या मारत गेली.

सोमवारी तिची जागा रिकामी दिसली आणि तिचा प्रश्न आठवला. सर मीटिंगला गेले होते. मी ड्रॉवरमधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पुस्तक वाचलं. अकराच पानं होती. सहा मिनिटं लागली. गिरणीचा वॉचमन कुत्र्याला गेटमधून बाहेर काढतो आणि आठवडाभर आपल्या केबिनशी बांधून ठेवतो. बांधला नसता तर तो रस्त्यावर गाड्यांखाली गेला असता, असं तो वॉचमन म्हणतो. मग हळूहळू कुत्रा तिथे रुळतो, आणि गणपतीला मुंबईत आलेली त्याची माणसं त्याला भेटायला येतात.

शाळा सुटल्यावर मी तिच्या चाळीवर गेले. चाळीला पत्रे ठोकायचं काम चाललं होतं. वॉचमन म्हातारा होता, स्टुलावर बसून चहा पीत होता. मी कुत्र्याचं विचारलं.

"बांधून ठेवला होता मी," तो म्हणाला. "निघताना पोरीनं दोरी सोडली. मी ओरडलो, तर मला बोलते कशी, काका, राहू दे, आमच्या बाईंनी सांगितलंय, तो येतो बरोबर मागनं. टेम्पोच्या मागे धावला ब्रिजपर्यंत. तिकडची ट्राफिक माहितीये ना तुम्हाला? मग काय दिसला नाय. पोरगी टेम्पोतनं टाळ्या वाजवत होती."

मला माझीच किळस आली. थू माझ्या जिनगानीवर, असं आमची आई म्हणायची, तसं. सरांनी निदान जी दोन पानं वाचली ती खरी वाचली होती.

पुढच्या शनिवारी दुसरं पान संपलं तेव्हा फोटो न काढताच मी फोन पिशवीत टाकला आणि त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं. "अहो बाई, फोटो!" सर म्हणाले. मी उभ्याउभ्या उरलेली नऊ पानं वाचली. शेवटचं वाक्य वाचून मी पुस्तक खाली घेतलं, तर मागच्या रांगेत एक हात वर होता. तिच्या बाकावरची मैत्रीण.

"बाई," ती म्हणाली, "पण तुम्ही तर तिला वेगळंच सांगितलं होतंत."