स्टाइनवोर पाण्यात उतरते

एकतीस वर्षं स्टाइनवोर गावच्या उघड्यावरच्या, गरम पाण्याच्या पोहण्याच्या तलावाच्या काउंटरवर बसत होती. साबण लावून अंघोळ न करता कोणी तलावाकडे निघालं, की ती कडाडायची, "मागे फीर!" गावच्या पाद्रींनाही तिने दोनदा मागे पाठवलं होतं. टॉवेलांच्या घड्या करायच्या, फरशा घासायच्या, रडणाऱ्या पोरांची नाकं पुसायची, सगळं तीच करी. फक्त पाण्यात ती कधी उतरली नव्हती. कोणी विचारलं, तर म्हणायची, "कामाच्या वेळी नको."

कॅलेंडरप्रमाणे त्या गुरुवारी उन्हाळ्याचा पहिला दिवस होता, आणि सकाळपासून बर्फ सपाटून पडत होता. त्याच दिवशी सोल्दिस सात वर्षांची झाली. तिची आई बेर्गथोरा चॉकलेटचा केक आणि पॅनकेकचा डबा घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "खिंड बंद झाली गं. वाढदिवसाला बोलावलेली नऊच्या नऊ पोरं पलीकडे अडकली."

सोल्दिस एकटीच तलावात उतरली. पाण्यातून वाफा निघत होत्या, तिच्या केसांवर बर्फ साचत होता. खालचा ओठ पुढे काढून ती काठ धरून राहिली.

स्टाइनवोर टॉवेल घेऊन बाहेर आली. "काय गं, वाढदिवसाला असं तोंड?"

"मग तू ये पाण्यात! माझ्यासोबत कोणीच नाहीये."

"मला काम आहे."

"कसलं काम? आम्हा दोघींशिवाय कुणी आलंय तरी का?"

स्टाइनवोरने बेर्गथोराकडे पाहिलं. ती काठावर बसून केकवरचा बर्फ झटकत होती. मग स्टाइनवोर खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "मला पोहता येत नाही. शाळेत पोहण्याचा तास आला, की माझं पोट दुखायचं. दर वेळी."

सोल्दिसचे डोळे विस्फारले. "खोटं! मलासुद्धा ओरडतेस तू, पाय नीट मार म्हणून!"

"लांबून दिसतं ना नीट."

बेर्गथोराच्या हातून चमचा पडला. "एकतीस वर्षं? आणि कुणाला पत्ताच नाही?"

"आता आख्ख्या गावाला सांग," स्टाइनवोर म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"मी नाही सांगणार," सोल्दिस म्हणाली, "पण आत्ता यायचं. मी शिकवते."

लोक विसरून गेलेल्या कपड्यांच्या पेटीत एक जांभळा पोहण्याचा पोशाख सापडला. कमरेत घट्ट, खांद्यांवर ढगळ. अंघोळ करून, दात वाजवत स्टाइनवोर पायऱ्या उतरली. पाणी गळ्याशी आलं तशी तिने "आई गं!" म्हणून जी किंकाळी फोडली, तिने कौलांवरचे पक्षी उडाले.

"आता पाठीवर झोप. मान सोड. अगं, सोड ना मान!" सोल्दिस ओरडत होती. तिचा इवलासा तळहात स्टाइनवोरच्या मानेखाली होता. दोनदा स्टाइनवोरच्या नाकात पाणी गेलं. तिसऱ्यांदा तिचे पाय वर आले. तोंडावर बर्फाचे कण पडून विरघळत होते, आणि ती हलकी, अगदी हलकी झाली होती.

"आई, बघ! तरंगतेय!"

"मोज!" स्टाइनवोर डोळे मिटून म्हणाली.

अकरापर्यंत मोजून झालं आणि ती हसली, त्यामुळे बुडाली.

केक त्यांनी तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या टाकीत बसून, हातानेच खाल्ला. खिंड शनिवारी उघडली. रविवारी सगळी पोरं आली, तेव्हा स्टाइनवोर जांभळ्याच पोशाखात, सोल्दिसच्या शेजारी, काठ धरून पाय मारत होती.