ट्रलीच्या हॉलमध्ये मी भलतीच कविता वाचली

आयर्लंडमध्ये कासलबारहून ट्रलीला जाणार असाल तर लिमरिकच्या ट्रॅफिकमध्ये अडकू नका. एनिसनंतर किलीमरकडे वळा आणि सरळ फेरीबोटीत गाडी घाला. वीसेक मिनिटांत शॅनन नदी पार. फेरीवरून फोटो फार सुंदर येतात. मी चांगले साठ काढले, आणि ते काढायलाच नको होते.

बोलावणं डानुटामावशीचं होतं. कासलबारला तिचं शिवणाचं दुकान होतं. माझा एक जुना ब्लाउज उसवून ती पोलिश बाई ब्लाउज शिवायला शिकली. आता ती ट्रलीला मुलाकडे असते. तिचा मामा महायुद्धात पोलंडमध्ये भूमिगत होता, कविता करायचा, बाविसाव्या वर्षी मारला गेला. त्याची एकच कविता उरली, आठ ओळींची. ओळखीच्या सगळ्यांनी ती आपापल्या भाषेत वाचावी, एवढीच मावशीची इच्छा. इंग्रजी अर्थ तिने दोन महिने आधी पाठवला होता. "तू तर लिहितेस, तुझं छानच होईल," म्हणाली.

आणि मी? आज करू, उद्या करू. शेवटी म्हटलं फेरीत करते, तर फोटो काढत बसले. पलीकडे टार्बर्टला गरमागरम चाउडर, म्हणजे माशांचं दाट सूप, आणि ब्राउन ब्रेड खाण्यात तास गेला. कागद गाडीच्या कप्प्यातच.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. पहिल्या रांगेत मावशीची थोरली बहीण, खास पोलंडहून आलेली, नव्वदीकडे झुकलेली. मामाला पाहिलेलं आता तेवढं एकच माणूस. आयरिशमध्ये वाचून झालं, मल्याळममध्ये झालं, मग माझं नाव पुकारलं. इथे मराठी कोणाला कळतंय, असं मनाशी म्हणत मी फोन उघडला आणि गणपतीत वाचलेली माझीच कविता वाचली. आजोळ, अंगण, मोगरा. वर हातवारेही केले. टाळ्या पडल्या.

माझी इरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्यासारखं, आईलाही मॅम म्हणते. मी जागेवर बसले तशी कानाशी म्हणाली, "मॅम, दॅट वॉज युअर गणपती वन." नवऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

मावशीने माझे हात हातात घेतले. "ग्रँड," म्हणाली, आणि खसखशीचा केक पुढे केला.

घरी आल्यावर दोन दिवस कागदाला हात लावायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी बसले. तिसऱ्याच ओळीत पोलंडमधल्या व्हिस्वा नदीचं नाव, सातव्या ओळीत पुन्हा. सगळं मराठीत आणायला चाळीस मिनिटं लागली. मग मावशीला फोन लावला आणि काय केलं ते सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सगळ्यांच्या वाचनात आम्ही दोघी नदीचं नाव ऐकत होतो. ते कुठल्याही भाषेत ओळखू येतं. तुझ्या वेळी वाट बघत राहिलो."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"एवढ्या लांबून आली होतीस. आता वाच."

मी वाचलं. नदीचं नाव आलं तेव्हा दोन्ही वेळा तीही ते माझ्याबरोबर म्हणाली.

"छान झालंय," ती म्हणाली. "ताई काल परत गेली. जाताना विचारत होती, त्या मुलीने काय वाचलं म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"त्याचीच कविता, म्हटलं. नदीला मराठीत वेगळं नाव आहे, असं सांगितलं."

माझ्यासाठी मावशी आपल्या बहिणीशी खोटं बोलली होती.