चाकणच्या घाटात हित्ती क्रियापद

शिवाजीनगरहून सातला सुटायची खेडची एस.टी. पावणेआठला सुटली. शेजारी प्राध्यापक आठल्ये, त्यांच्या मांडीवर चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा. त्या आठवड्यात पुण्यात दुसरी बातमी नसल्याने संपादकांनी मला त्यांच्याबरोबर धाडले होते.

प्रकरण असे. आजच्या तुर्कस्थानात, म्हणजे जुन्या अनातोलियात, साडेतीनेक हजार वर्षांपूर्वी हित्ती नावाचे लोक राहत. रथाचे घोडे कसे तयार करावेत हे त्यांनी मातीच्या विटांवर लिहून ठेवले. त्यात 'जुंपणे' या अर्थी एक क्रियापद सारखे येते : तूरिय. आठल्यांच्या मते ते आपल्या 'धुर' (गाडीचे जू, दांडी) या शब्दाचे सख्खे भावंड. नाम आपल्याकडे उरले, क्रियापद नाही. पण चाकणच्या शाळेतल्या कड गुरुजींनी पत्र लिहिले होते, 'आमच्याकडे बैल धुरतात.' हे खरे ठरले तर आठल्यांचा वीस वर्षांचा निबंध जर्मनीला जाणार होता. नाहीतर डब्यातच राहणार होता.

नाशिक फाट्याला गाडी वळली आणि पिंपरीचे नवे कारखाने डावीकडे राहिले. मोशीपुढे इंद्रायणीच्या पुलाशी रेडिएटर तापला. कंडक्टर पाणी आणायला डबा मागू लागला, तेव्हा आठल्यांनी आपला डबा छातीशी धरला.

चाकणला गुरुजी हार घेऊन उभे होते. त्यांच्यामागून एकाने नमस्कार केला. "राम राम साहेब. आता बैल धुरायलाच निघालोय." पानवाला म्हणाला, "व्हय, आमी धुरतोच." पेठेतून जाताना आणखी सहा जणांनी, न विचारता, आपण बैल धुरत असल्याचे कळवले. आठल्ये चिठ्ठीमागून चिठ्ठी लिहीत होते.

जेवण शर्यतीचा बैलगाडा हाकणाऱ्या सखारामकडे. मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळखोबऱ्याचे सारण), झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. सखारामची बायको वाढताना म्हणाली, "घ्या अजून. बैल धुरायच्या दिशी हेच असतंया." आठल्यांनी डाव्या हाताने तेही टिपले.

मला शंका आली. शेजारी इस्माईलभाई चाकांना लोखंडी धावा चढवत होते.

"काय हो, तुम्हीही धुरता?"

"मी धावा चढवतो, राव. पण गुरुजींनी साऱ्या गावाला बजावलंय. साहेब पुण्याहून एका शब्दापायी येतायत, त्यांना रिकामं धाडायचं न्हाई."

"शब्द आहे का पण?"

"गुरुजींचे आजोबा म्हणायचे म्हणत्यात. मी न्हाई ऐकला." त्यांनी हातोडा उचलला. "तुमी मात्र सांगू नका हां. म्हातारा खुशीत हाय."

मी सांगितले नाही.

दुपारी बैलगाड्यांची शर्यत होती, म्हणून घाटावर (शर्यतीचा चढ) गेलो. पुढे घोडी, मागे सखारामचे चार बैल. इशारा व्हायच्या बेतात मागच्या जोडीतल्या खिलाऱ्याने जुवातून मान काढली.

"आरं जुंप त्याला!" सखाराम ओरडला. "बघतो काय, जुंप!"

"जुंप, जुंप!" सगळा घाट ओरडला.

आठल्ये चार हातांवर उभे होते. त्यांची पेन्सिल थांबली. कड गुरुजी दोन्ही हात वर करून धावले. "धुरा! अरे, धुरा म्हणा!" तोवर बैल निम्मा चढ चढले होते.

सखाराम दुसरा आला. घाम पुसत तो थेट आठल्यांकडे आला. "साहेब, गडबडीत चुकलं. पुन्यांदा धुरून दावतो, लिवून घ्या."

"नको, सखारामभाऊ," आठल्ये म्हणाले. "बैल दमलेत."

परतीच्या गाडीत त्यांनी दिवसभराच्या चिठ्ठ्या मोजक्या हालचालींनी फाडल्या.

मी म्हणालो, "एखादी ठेवा. जर्मनीहून चाकणला पडताळायला कोण येणार आहे?"

"आला तर हे लोक त्यालाही हेच सांगतील," आठल्ये म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

निबंध जर्मनीला गेला नाही. आठल्यांनी गुरुजींना आभाराचे पत्र लिहिले. त्यात मासवडीवर एक परिच्छेद होता, क्रियापदावर अक्षर नव्हते. मी अकरा वर्षे कोर्टाच्या बातम्या दिल्या. साऱ्या गावाने एकमुखाने दिलेली खोटी साक्ष तिथे कधी ऐकली नाही. शिवाय कोर्टात साक्षीदार जेवायला घालत नाहीत.