भांडं रिकामं जात नाही

आमच्या आळीत भांडी आपापल्या घरी राहत नाहीत. कुणाचं पातेलं कुणाच्या फळीवर, आणि प्रत्येकाच्या मागे एक किस्सा. लग्न होऊन नेरळकडच्या या कोंडाणे गावात आले त्याला जेमतेम वर्ष झालं, पण किस्से फळीवर मावेनासे झालेत.

मी साताऱ्याकडची. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काशीकाकूंनी वाटीभर खरवस पाठवला. मी वाटी राखेनं लख्ख घासून परत नेली. काकूंनी आत पाहिलं, मग उलटी करून पाहिली.

"पोरी, आमी काय ही घासायला धाडलीवती?"

इथे भांडं रिकामं परत जात नाही. गूळ, चार मिरच्या, काहीही चालतं. पण गूळ सासूबाईंचा, मिरच्याही त्यांच्याच. एकदा तरी माझ्या हातचं काही आळीत जावं, एवढंच मनात धरून बसले.

*

परसातल्या जांभळीवर आमचे हे चढले होते. सासूबाई खालून म्हणाल्या, "शेंड्याला हात लावू नको रं. ती पाखरांची."

"पाखरांनी कधी काय दिलंय आपल्याला?"

"मग ही जांभळ लावली कोणी? तुज्या बापानं?"

मामंजी ओटीवर ट्रान्झिस्टर ऐकत होते. त्यांनी आवाज वाढवला.

*

काशीकाकूंबरोबर रानात शेवळांची भाजी काढायला गेले. मी हौसेनं कोंब कंदासकट उपटले.

"पुढल्या साली शेवळं म्हायेराहून आणशील का गं?"

सगळे कंद मला पुन्हा पुरायला लावले. आणि निम्मी शेवळं तशीच सोडून काकू निघाल्या. "मागनं येणाऱ्या बायांना नको?"

*

शेवळांत काकडं घालतात. हिरवं, आंबट फळ. ते नसलं तर भाजी घसा धरते. सासूबाईंनी दोनदा बजावलं होतं. त्या नेरळला लेकीकडे गेल्या, तशी मी सुक्या कोळंबीचे सोडे घालून शेवळं रांधली आणि तीन घरी पातेली पोचवून आले. अखेर माझ्या हातचं!

मग जेवायला बसले. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आलं. हौसेच्या भरात काकडं घालायची राहिलीच होती. दाराशी धावले, तर घराघरांतून खाकरणं ऐकू येत होतं.

दिवसभर बाहेर पडले नाही. आता माझ्याकडचं भांडं कोण घेणार?

संध्याकाळी पहिलं पातेलं आलं. त्यात काकडं. दुसरं आलं. त्यातही काकडं.

शेवटी काशीकाकू आल्या. घसा पार बसलेला. काकडांनी शिगोशीग भरलेलं पातेलं त्यांनी चुलीशी ठेवलं.

"उद्या आमी कालवण टाकत नाय गं," त्या खाकरत म्हणाल्या. "वाट बघतो."